गुरुवारचं पान

"नाही म्हणजे नाही. हे प्रकरण काढून टाक."

"ताई, तुम्हीच म्हणाला होतात, सगळं लिही, एक अक्षर गाळू नकोस!"

"माझं सगळं. तिचं नव्हे."

"तिला काढलं तर तुमचं उरतं काय? रव्याचे लाडू आणि स्वेटरचे टाके?"

"उरू दे तेवढंच! लोकांना म्हणू दे, बाई लाडू वळायला शिकवायची. त्यात काही कमीपणा नाही."

विजयश्री हेंद्रे यांनी कागदांचा गठ्ठा टीपॉयवर आपटला, तसा कपातला उरलासुरला चहा बशीत उडाला. वय एक्याऐंशी, पण हात अजून छापखान्यातला. उत्कर्षाचं वय सत्तावीस. सात महिने दर शनिवारी दुपारी ती निगडीच्या या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत येत होती. पहिल्याच दिवशी तिला ताकीद मिळाली होती, "आजी म्हणालीस तर चहा मिळणार नाही. मला अख्खा गाव ताई म्हणतो." तेव्हापासून ताईच.

आता मंगळवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. ताईंच्या आयुष्याची अकरा प्रकरणं. भांडण नवव्यावर अडलं होतं.

पहिल्या आठांना ताईंची काहीच हरकत नव्हती. बार्शीहून लग्न होऊन आल्या, नवरा आकुर्डीच्या कंपनीत टर्नर, चाळीत एक खोली. शेजारणींची माहेरची पत्रं लिहून द्यायच्या, त्यात अक्षर असं वळणदार की 'दैनिक श्रमप्रभात'च्या मालकांनी मुद्रितं तपासायला ठेवून घेतलं. एकदा आतलं अर्धं पान रिकामं राहिलं. मालक म्हणाले, "हेंद्रेबाई, काहीतरी बायकांचं टाका, रांगोळी-बिंगोळी." बाईंनी रांगोळी टाकली. खाली चौकटीत चार ओळी टाकल्या : 'मैत्रिणींनो, जे घरात बोलता येत नाही, ते इथं लिहा.' त्या चार ओळींनी अर्ध्या पानाचं पूर्ण पान केलं. 'दुपारचं पान'. पंचक्रोशीत बायकांच्या पानाला बाई संपादक असल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

पण बायकांनी लिहायचं कसं? पोस्टाची पेटी चावडीजवळ, आणि चावडीजवळ गावातले सगळे डोळे. ताईंनी युक्ती काढली. बाई एकटी, कुणी न हटकता जाऊ शकते अशी गावात एकच जागा : पिठाची गिरणी. म्हणून गावोगावच्या गिरण्यांत बिस्किटांचे रिकामे डबे ठेवले, झाकणाला चीर पाडून. दळण टाकायचं, चिठ्ठी टाकायची. पेपर टाकणारा माणूस आठवड्यातून एकदा डबे रिकामे करून आणायचा. "चिठ्ठी उघडली की पीठ भुरभुरायचं," ताई सांगायच्या, "ज्वारीचं की बाजरीचं, हेसुद्धा मला ओळखू यायचं."

दुसरी युक्ती वाराची. गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी, नवरे घरी, पेपर नवऱ्याच्या हातात. शुक्रवारी सकाळी भोंगा झाला की घर बायकांचं. म्हणून दुपारचं पान शुक्रवारीच निघायचं, अकरा वर्षं, कधी वार चुकला नाही.

एकदा चुकला. तेच नववं प्रकरण.

"मी बघ काय केलंय," उत्कर्षा समजुतीच्या सुरात म्हणाली. ती नाटकातली मुलगी, आवाज कुठं खाली आणायचा ते तिला कळत होतं. "चिठ्ठी लिहिणाऱ्या विमलबाईंचं नाव नाही घातलं. त्यांचं गाव कुरुळी, तेसुद्धा नाही घातलं. त्याऐवजी मोशी केलंय. दोन मुलींच्या जागी एक मुलगी. कोण ओळखणार?"

ताईंनी चष्मा काढला.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच वाक्य मी म्हणाले होते. पंच्याऐंशी साली. कोण ओळखणार?"

उत्कर्षाला ते ठाऊक होतं. तिनंच ते लिहून काढलं होतं, दोनदा. ऑगस्टच्या सुरुवातीला कुरुळीच्या गिरणीतल्या डब्यातून एक चिठ्ठी आली. खाली स्वतःचं नाव : विमल. बायका बिनधास्त नाव लिहायच्या, खोडायचं काम ताईंचं. नवरा रात्रपाळीला, दोन लहान मुली, दारात दोन म्हशी. नवरा कामावर गेला की धाकटा दीर दाराची कडी हलवतो. उशाशी कोयता घेऊन झोपते. काय करू ते सांगा, आणि लवकर सांगा.

ताईंनी उत्तर लिहिलं. मग नेहमीप्रमाणे चिठ्ठीचा वेष बदलला. नाव काढलं. दोन मुलींच्या जागी तीन वर्षांचा मुलगा केला. म्हशी राहू दिल्या, म्हशी काय कुणाच्याही दारात असतात. आणि कुरुळीच्या जागी भोसरी लिहिलं. मोठं गाव, कारखान्यांनी भरलेलं, सगळीकडचे भाडेकरू. कोण ओळखणार?

पान शुक्रवारी, सोळा ऑगस्टला निघायचं. पण पंधरा ऑगस्टला छापखाना बंद, म्हणजे शुक्रवारी पेपरच नाही. फोरमन म्हणाला, "बाई, तुमचं पान पुढच्या आठवड्यात ढकलतो." ताई म्हणाल्या, "नको. त्या बाईला उत्तर लवकर गेलं पाहिजे. गुरुवारच्या अंकात घे."

पंधरा ऑगस्ट, गुरुवार. झेंडावंदन आटोपून भोसरीतले पुरुष चहाच्या हॉटेलात बसलेले. हातात पेपर. कुणीतरी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. नवरा रात्रपाळीला. तीन वर्षांचा मुलगा. धाकटा दीर. दोन म्हशी. वाचणारा थांबला आणि म्हणाला, "आरं, हे तर हिंदुरावाचं घर!" सगळे हसले. हिंदुराव तिथंच बसला होता. तो हसला नाही.

हिंदुरावाच्या भावजयीचं नाव शालन. पाच दिवसांनी तिला माहेरी पोचवलं म्हणून घरच्यांनी सांगितलं. माहेरच्यांना ती कधी दिसली नाही.

"चिठ्ठी दुसरीची होती, शालनची नव्हती, एवढं तरी जगाला कळायला नको का?" उत्कर्षाचा आवाज पुन्हा चढला. "चाळीस वर्षं ती बाई बदनाम आहे! पेपरात घरातलं लिहिलं आणि पळून गेली. भोसरीत अजून असंच सांगतात, मी ऐकलंय."

"मला माहीत नाही? मी त्या घरी गेले होते. सासूनं चहा दिला. म्हणाली, सून माहेरी गेलीय, जत्रेला येईल. चुलीपाशी एक पोरगं बसलं होतं. माझ्याकडे टक लावून. आणि तुला एक सांगू? हे टेपात घालू नकोस. खोटं असतं ना, तर त्यांनी ते हसून सोडून दिलं असतं. मी नुसतं गावाचं नाव बदललं होतं. त्या गावातही ते खरंच निघालं."

बाहेर पाण्याचा टँकर मागं घेत होते, त्याची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. उत्कर्षानं फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं.

"म्हणून म्हणते," ताई म्हणाल्या, "मोशी घालू नकोस. चऱ्होली घालू नकोस. तू कुठलंही गाव घाल, तिथं एक दार असतंच. आणि खरं गाव घातलंस तर विमल अजून त्याच घरात राहते. दीरही जिवंत आहे."

"आहे ना. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो."

ताईंचा हात टीपॉयवरच थांबला. "तुला कसं माहीत?"

उत्कर्षानं ओठ चावला. हे तिला आज सांगायचं नव्हतं.

"गेले होते. एकदा भेटायला पाहिजे ना, ताई? ज्या बाईवर अख्खं प्रकरण उभं आहे, तिचा चेहरासुद्धा न बघता कसं लिहायचं?"

"कधी?"

"परवा."

"परवा नको. वार सांग."

उत्कर्षानं मनात वार मोजला.

"गुरुवारी."

ताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

गुरुवारी तिला वेळ होता, म्हणून ती गेली होती, इतकंच. भोसरीहून शेअर रिक्षा, मग थोडं चालणं. म्हशींच्या जागी आता तीन मजले, वरच्या खोल्यांत कंपनीतली भाड्याची पोरं, गॅलरीत वाळत टाकलेल्या गणवेशांची रांग. सुट्टीचा दिवस, घर पुरुषांनी भरलेलं. दोन पुतणे पिकअप धूत होते. म्हातारा दीर काठीवर हनुवटी टेकून.

"पेपरचं काम आहे, जुन्या पेपरचं," ती म्हणाली होती. सरळ, गोड, रंगमंचावर पहिलं पाऊल टाकावं तसं. आणि विमलबाई पदराला हात पुसत बाहेर आल्यावर तिनं त्या पंधरा ऑगस्टच्या पानाचं कात्रण त्यांच्या हातात दिलं होतं. सगळ्यांसमोर.

विमलबाईंनी कागद उलटा धरला. "मला न्हाई वाचता येत, बाई. कसला कागुद हाय ह्यो?"

पण उलटा धरण्याआधी क्षणभर तो सुलटा होता. त्या क्षणात त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले, खालच्या ओळीवर उतरले आणि तिथंच विझले. उत्कर्षानं ते पाहिलं होतं. सातवी पास बाई. नंतर पाणी देताना धाकटी सून सहज म्हणाली, "आत्याबाईंना पेपरचं लई वावडं. सकाळी पेपर पडला की आत निघून जात्यात." चाळीस वर्षं त्या बाईनं त्या घरात अक्षर ओळखत नसल्याचं सोंग काढलं होतं. असं काम उत्कर्षानं कुठल्या नटीचं पाहिलं नव्हतं.

"काय म्हणती गं ती?" म्हाताऱ्यानं व्हरांड्यातून विचारलं होतं.

"सर्वेवाली हाय, आण्णा. चुकून आलीया."

निघताना थोरल्या पुतण्यानं हात पुसत पुढं येऊन म्हटलं, "मॅडम, नाव-नंबर देऊन ठेवा की. कायतरी आठवलं तर कळवू." आणि तिनं दिला. पूर्ण नाव, नंबर, पुस्तकाचा विषयसुद्धा.

"विषयसुद्धा?" ताईंनी विचारलं.

"त्यांनी विचारलं म्हणून..."

"काय सांगितलंस?"

"श्रमप्रभातच्या दुपारच्या पानावर पुस्तक लिहितेय म्हणून."

दाराची बेल वाजली.

ताईंकडे शनिवारी दुपारी कुणी येत नसे. बेल दुसऱ्यांदा वाजली नाही. जो कुणी होता, त्याला थांबायची सवय होती.

दारात चाळिशी ओलांडलेला माणूस उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात प्लॅस्टिकची फाइल. त्यानं बूट बाहेर काढले, नीट जोडून ठेवले, आणि आत येऊन ताईंच्या पाया पडला.

"हेंद्रेबाई ना तुम्ही? मी रणजीत. भोसरीचा. हिंदुराव माझे चुलते, गेले गेल्या साली." मग हळूच, जणू ओळख पटायला तेवढं पुरेल, "शालनबाईचा मुलगा."

ताई खुर्चीच्या हाताला धरून बसल्या. "चुलीपाशी बसला होतास," त्या म्हणाल्या.

"आसंन. मला आठवत न्हाई." तो उत्कर्षाकडे वळला. "तुम्ही उत्कर्षा मॅडम. तुमचा नंबर हाय माझ्याकडं. पण म्हटलं, फोनवर नको. श्रमप्रभातच्या बाईंचं घर इचारत आलो."

त्यानं फाइल उघडली. आत दोन कागद. एक उत्कर्षाला पाठ असलेलं कात्रण, पिवळं, लॅमिनेट केलेलं. दुसरा जमिनीचा जुना कागद, खाली निळ्या शाईचा अंगठा.

"चुलत्याच्या ट्रंकेत सापडलं दोनी. आता बघा बाई, मी काय शिकल्याला न्हाई फार. भंगाराचा धंदा करतो. पण मला एक कोडं पडलंय. लहानपणापासनं ऐकत आलोय, तुझी आई पेपरात लिहून गेली. शाळेत पोरं चिडवायची, लेखिकेचा पोरगा आला. आन् हा बघा आईचा अंगठा." त्यानं बोट अगदी हलकेच शाईवर टेकवलं. "अंगठा लावणारी बाई चिठ्ठी कशी लिहील?"

त्यानं कात्रण ताईंच्या पुढ्यात सरकवलं.

"तेवढं सांगा फक्त. ही चिठ्ठी माझ्या आईची व्हय का न्हाई?"

उत्कर्षाला वाटलं, ताई टाळतील. दहा मिनिटांपूर्वी याच बाई कागद आपटत होत्या. पण विजयश्री हेंद्रे ताठ बसल्या, आणि अग्रलेख वाचून दाखवावा तशा संथ आवाजात म्हणाल्या,

"नव्हे. तुझ्या आईनं एक अक्षर लिहिलं नाही. चिठ्ठी दुसऱ्या गावची होती. भोसरी मी घातलं. मुलगाही मी घातला. गुरुवारी छापा, असंही मीच म्हणाले. तुझ्या आईला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, रणजीत. जे झालं ते माझ्या पेनानं झालं. नंतर दोन महिन्यांत मी पान बंद केलं, पण बंद करून काय होतं?"

रणजीत ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधावा तर तो नव्हता. आणि तेच उत्कर्षाला सोसवत नव्हतं. तो उगाच हसला. "म्हंजे कायबी न करता गेली."

"हो."

"आन् जिनं केलं, ती हाय?"

"काय केलं तिनं?" ताईंचा आवाज कडक झाला. "मदत मागितली, दुसरं काही केलं नाही."

"तसं नव्हं, बाई. पेपर तिनं बी वाचलाच आसंल की त्या गुरुवारी. आपली चिठ्ठी दुसऱ्या गावच्या नावावर गेली, हे तिला कळलं आसंल. चार गावं सोडून एक बाई गायब झाली, हेबी कळलं आसंल. हिथं कुणाचं काय लपतंय? मंग तिनं तोंड का उघडलं न्हाई? एक शब्द. चिठ्ठी माझी हाय, एवढा एक."

"उघडलं असतं तर ती गायब झाली असती."

"व्हय," रणजीत शांतपणे म्हणाला. "दोघींतली एक जाणारच हुती. मला फक्त एकदा तिच्या दारात हुबं ऱ्हायचंय."

"कशाला?"

"ते तिथं गेल्यावर कळंल मला." त्यानं फाइल मिटली. "गाव सांगा."

"आठवत नाही. चिठ्ठ्या जाळल्या मी."

ताई खोटं बोलल्या. चिठ्ठ्यांचे गठ्ठे, गिरणीवार बांधलेले, पलंगाखालच्या पेटीत होते, आणि कुरुळीचा गठ्ठा या घडीला उत्कर्षाच्या पिशवीत, तिच्या पायाशी. तिनं पिशवीचा बंद मुठीत घेतला. रणजीतची नजर त्या मुठीवरून गेली आणि परत आली.

"ऱ्हाऊ द्या. तुम्ही म्हातारं माणूस, तुमाला तरास देत न्हाई." तो पुरता उत्कर्षाकडे वळला. आवाज तसाच, मऊ, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. "मॅडम, परवाच्या गुरुवारी कुरुळीत एका घरी तुम्ही हे कात्रण दावलंत. त्या घरात आमच्या भावकीतली पोरगी दिलीया. तिचा फोन आला. म्हणाली, आमच्या आत्याबाईंना दावलं, पर त्यास्नी तर वाचताच येत न्हाई. मी म्हटलं, आसंल. माझ्या आईलाबी येत नव्हतं." तो थोडा पुढं झुकला. "तुम्ही शिकल्याल्या, खोटं न्हाई बोलणार. एकच सांगा. चिठ्ठी त्या बाईची का?"

हो म्हणणं शक्यच नव्हतं. 'नाही' उत्कर्षाच्या जिभेवर तयार होतं. खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिला पुढचा प्रश्न आधीच ऐकू आला : मग कुणाची? मग ती काय सांगणार? मोशी? चऱ्होली? कुठलंतरी एक गाव, मनातलं. आणि हा माणूस बूट घालून, फाइल काखेत मारून, त्या गावात जाईल. आणि तिथं एक दार असेलच.

तिनं टीपॉयवरचं नववं प्रकरण उचललं. बशीतल्या चहानं त्याचे कोपरे भिजले होते. कागदांची घडी करून तिनं ती पिशवीत, गठ्ठ्यावर दाबली. ताईंकडे बघितलं. ताईंनी डोळे मिटले होते.

"मॅडम, मी विचारलंय," रणजीत म्हणाला. तो उठला नव्हता. त्याला घाई नव्हती.

पिशवी खांद्याला लावून उत्कर्षा दारापाशी गेली. रणजीतच्या जोडून ठेवलेल्या बुटांशेजारी तिच्या चपला होत्या. त्या तिनं पायात सरकवल्या. मग कुठल्याच गावाचं नाव तोंडातून न काढता दार ओढून घेतलं आणि टँकरच्या पाण्यानं भिजलेल्या रस्त्यावरून, मागं न बघता, बसथांब्याच्या उलट्या दिशेला चालू लागली.